सोडणं मोजली की नारळ कळतात: सी-पेप्टाइडची तपासणी आणि तिचं बिल

"बाय, ही ओळ जरा वाच. बाकीचं समजलं मला."

वाळपईकडचे बागायतदार होते, साठीच्या आतबाहेरचे. पोटदुखीसाठी पाच दिवस इस्पितळात राहून त्या दिवशी घरी निघाले होते. बिलाचा चौथा कागद त्यांनी काचेखालून माझ्याकडे सरकवला आणि काचेवरूनच बोट ठेवलं. 'सी-पेप्टाइड, फास्टिंग: १८००.' खालची ओळ, 'सी-पेप्टाइड, पीपी', म्हणजे जेवणानंतरची: १८००. दोन्हींपुढे विमा कंपनीचा शेरा: नॉन-पेएबल. म्हणजे छत्तीसशे रुपये त्यांनी स्वतः भरायचे.

मी तेव्हा एका खासगी इस्पितळाच्या विमा-काउंटरवर बसायचे. दिवसाला दहा-बारा फायली पुढे सरकवायचे, पण त्या ओळीचा अर्थ मला ठाऊक नव्हता. "डॉक्टरांनी लिहिली होती, काका," एवढंच म्हणाले. त्यांनी पैसे भरले, पावतीची घडी केली आणि गेले. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुपारी आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना गाठलं आणि तिथून हे सगळं शिकायला सुरुवात झाली.

आता ही ओळ गोव्यातल्या बऱ्याच घरांत पोचली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं मोठं सर्वेक्षण २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्यात देशभरातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के. देशात आपला पहिला नंबर, पुदुच्चेरी आणि केरळच्याही पुढे. चार मोठ्या माणसांत एकाला साखर. त्यामुळे शुगर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, हे शब्द आपल्याकडे आता बाजाराच्या भावासारखे तोंडात असतात. सी-पेप्टाइड मात्र अजून परकं वाटतं. रिपोर्टमध्ये दिसलं की लोक गुगल करतात आणि घाबरतात.

सोडणांचा हिशेब

आपल्या स्वादुपिंडात बीटा पेशी असतात. इन्सुलिन तिथेच तयार होतं. पण ते थेट इन्सुलिन म्हणून जन्माला येत नाही. आधी एक लांब साखळी बनते, तिला प्रोइन्सुलिन म्हणतात. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी ती १९६७ साली शोधून काढली. या साखळीच्या मधला एक तुकडा कापला जातो आणि दोन बाजूंचे भाग एकमेकांना धरून राहतात. ते दोन भाग मिळून इन्सुलिन, आणि कापून निघालेला मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. यातला 'सी' म्हणजे 'कनेक्टिंग', जोडणारा. इन्सुलिनचा एक कण सुटला की सी-पेप्टाइडचाही एकच कण सुटतो.

मॅडमनी मला हे चहाच्या बशीवर रेघा मारून सांगितलं होतं. पुढे तेच काका फॉलो-अपला आले तेव्हा मी त्यांना थांबवून, माझ्या परीनं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही सोडणं मोजता."

याहून चांगला दाखला मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. घरच्या माडाचा नारळ असोला, म्हणजे सालीसकट येतो. अंगणातल्या सुळ्यावर तो सोलला की सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, तिथेच पडतं. बाजारातून आणलेला नारळ सोललेलाच येतो. आता घरात दिवसभरात घरच्या माडाचे किती नारळ लागले हे शोधायचं असेल, तर खोबरं बघून उपयोग नाही. माशांच्या हुमणात पडल्यावर कुठलं खोबरं कुठल्या माडाचं? अंगणातली सोडणं मोजायची. एका नारळामागे एक सोडण धरा, हिशेब चोख.

बाजारचा सोललेला नारळ म्हणजे इंजेक्शनचं इन्सुलिन. कारखान्यातून येणाऱ्या कुपीत शुद्ध इन्सुलिन असतं, त्यात सी-पेप्टाइड नसतं. म्हणून रोज चार वेळा सुई टोचून घेणाऱ्या माणसाचंही स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय, ते या तपासणीतून कळतं. तपासणी या एकाच प्रश्नाचं उत्तर देते: तुमचे माड अजून धरतात का?

मग सरळ इन्सुलिनच का मोजत नाहीत?

मोजता येतं. पण स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत पहिल्याच फेरीत जवळजवळ निम्मं इन्सुलिन उचलतं. हाताच्या शिरेतून रक्त काढतो तोवर निम्मा माल स्वयंपाकघरात गेलेला असतो. उरलेलंही चार-पाच मिनिटांत निम्म्यावर येतं. सी-पेप्टाइडला यकृत फारसं हात लावत नाही आणि ते अर्धा तास तरी रेंगाळतं. खोबरं सकाळीच संपतं, सोडण संध्याकाळी अंगणात दिसतं, तसंच. त्यात माणूस इंजेक्शन घेत असेल तर मोजलेलं इन्सुलिन घरचं की कुपीतलं, हा घोळ वेगळाच.

सोडणं उचलून नेणारा मात्र यायला हवा. शरीरात ते काम मूत्रपिंडं करतात. किडनी अशक्त असेल तर सी-पेप्टाइड साठत जातं आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. मधुमेह जुना झाला की किडनीवर परिणाम होणं नवीन नाही, म्हणून सी-पेप्टाइडच्या आकड्याशेजारी क्रिएटिनिनचा आकडा बघितल्याशिवाय मत देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आकडा वाचताना कुठे ठेच लागते

रिपोर्टवर 'रिकाम्या पोटी साधारण ०.८ ते ४' अशी काहीतरी पट्टी छापलेली असते. एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पण प्रत्येक लॅबचं यंत्र आणि पद्धत वेगळी, त्यामुळे पट्टीही वेगळी, कुणाची ०.८ पासून सुरू होते, कुणाची १.१ पासून. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देतात आणि मग ०.९ चे एकदम ३०० च्या घरात होतात. एका मावशींनी दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "माझं तीनशे पट वाढलं" म्हणून रडायला सुरुवात केली होती. मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे ३३१ पिकोमोल, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

पट्टीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच वेळची साखर. साखर कमी असेल तर निरोगी स्वादुपिंडही गप्प बसतं. गिऱ्हाईक नसताना नारळ कोण सोलेल? म्हणून साखर ७० च्या खाली असताना सी-पेप्टाइड कमी आलं तर त्याचा अर्थ लावत नाहीत, पुन्हा करतात. उलट साखर २५० आणि सी-पेप्टाइड ०.३, तर माड वाळल्याचं लक्षण. साखरेचा आकडा सोबत नसलेला सी-पेप्टाइडचा रिपोर्ट अर्धाच समजा.

इन्सुलिन घेणाऱ्या प्रौढाला नेमका कुठल्या प्रकारचा मधुमेह आहे, अशी शंका आली तर काय करायचं, याबद्दल अमेरिकन आणि युरोपीय मधुमेह संघटनांच्या तज्ज्ञांनी २०२१ साली एक मार्ग सुचवला. जेवणानंतर पाच तासांच्या आत रक्त घ्या. ०.६ च्या खाली असेल तर टाइप १ सारखं, म्हणजे स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ संपलेलं. १.८ च्या वर असेल तर टाइप २ सारखं, म्हणजे इन्सुलिन आहे पण शरीर त्याला दाद देत नाही. मधलं काही आलं तर थांबून पुन्हा बघा. यात उपाशी पोटाची अट नाही, हे मला विशेष आवडतं. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पों-पों करत दारात येतो आणि आपण पावाकडे बघत लॅबची वाट धरतो, ते दर वेळी गरजेचं नसतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. काही यंत्रांच्या पद्धतीत त्यामुळे सी-पेप्टाइड खोटंच कमी येतं, तेव्हा त्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. दुसरी गोष्ट वाहतुकीची. पेडण्यात किंवा काणकोणात घेतलेलं रक्त पुष्कळदा दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबला जातं. साध्या नळीतलं सी-पेप्टाइड गारवा नसेल तर खराब होत जातं. जांभळ्या झाकणाच्या नळीत ते साध्या तापमानालाही दिवसभर टिकतं. कलेक्शन सेंटरच्या पोराला "नमुना कुठे जाणार आणि बर्फात जाणार का" हे विचारण्यात काही गैर नाही. तोही बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारलं म्हणून नीट उत्तर देतो.

कुणाला खरंच लागते

चाळिशी-पन्नाशीचा सडपातळ माणूस. वजन उतरतंय, तीन गोळ्या चालू, तरी साखर ऐकत नाही. सगळे म्हणतात पथ्य पाळत नसणार. घरची बाई मासे-भात बंद करते, तो चिडतो. अशा काहींना प्रत्यक्षात टाइप १ चाच सावकाश येणारा प्रकार असतो, ज्यात शरीर स्वतःच्याच बीटा पेशी मारतं. वय मोठं म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे गॅड अँटिबॉडी (हा हल्ला चालू आहे का ते दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड या दोन तपासण्या मिळून निकाल देतात आणि त्या माणसाची इतक्या दिवसांची बोलणी तरी बंद होतात.

वारंवार स्वादुपिंडाला सूज येऊन ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही ती उपयोगी पडते. ज्या घरात आजी, बाप, मुलगा अशा ओळीनं तरुणपणीच साखर लागते, तिथे एका जनुकातल्या दोषाची शंका असते. त्यातल्या काहींना वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचलं जातं आणि सी-पेप्टाइड बघितल्यावर कळतं की माड चांगले धरताहेत. मग जनुकाची तपासणी होऊन काही जण साध्या गोळ्यांवर येतात.

शेवटचा उपयोग जरा पोलिसी वळणाचा. मधुमेह नसलेल्या माणसाची साखर घसरते, तो बेशुद्ध पडतो. रक्तात इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइडही जास्त, तर इन्सुलिन आतूनच आलं. स्वादुपिंडात गाठ असेल किंवा कुणाची मधुमेहाची गोळी चुकून पोटात गेली असेल. इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड जवळजवळ नाही, तर ते सुईतून आलं. खोबरं ढीगभर आणि सोडण एकही नाही. नारळ बाहेरून आलेत.

आता ज्याला सरळ टाइप २ आहे, वजन थोडं जास्त आहे आणि जो गोळ्यांवर ठीक आहे, त्याला या तपासणीतून सहसा नवीन काही कळत नाही. आकडा काहीही आला तरी उद्याची गोळी तीच. मग रक्त कशाला काढायचं?

"पॅकेजमध्ये फुकटच आहे, बिघडलं कुठे?"

हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या दिरानेच विचारला. चतुर्थीच्या ऑफरमध्ये त्याने बहात्तर तपासण्यांचं पॅकेज घेतलं होतं. नेवऱ्या खाऊन झाल्यावर आठवड्याभरात रक्त दिलं. साखर ठणठणीत, सी-पेप्टाइड मात्र पट्टीच्या थोडं वर, लाल अक्षरात. झालं. रात्री दोनपर्यंत मोबाइल. गाठ, कर्करोग, सगळं वाचून काढलं. पुढच्या पंधरा दिवसांत दोन डॉक्टर, एक सोनोग्राफी, एक पुन्हा तपासणी. शेवटी निष्पन्न काय, तर पोटाचा घेर कमी करा. ते आरसाही फुकटात सांगत होता.

पॅकेजमध्ये एखादी तपासणी सुटी विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडते हे खरं. पण बहात्तर आकड्यांत दोन-तीन पट्टीबाहेर जाणारच. पट्टी आखण्याची रीतच अशी आहे की निरोगी माणसांतलेही शंभरात पाच तिच्या बाहेर पडतात. खर्च पुढच्या धावपळीत होतो.

"इन्सुलिन सुरू करायला निमित्त हवं, म्हणून करतात"

हेही ऐकलंय, बसमध्येसुद्धा. इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही, असा समज पक्का बसलाय. वर सांगितलंच की ही तपासणी कधी कधी इन्सुलिन कमी करायला किंवा थांबवायलाही आधार देते. ज्याचं सी-पेप्टाइड अगदी तळाला गेलंय त्याला इन्सुलिन द्यावं लागतं, कारण दुसरा पर्याय नसतो.

याच्या उलट फसवणूक होते ती जास्त घातक. "आमच्या औषधाने सी-पेप्टाइड वाढलं, हे बघा आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट." टाइप १ नव्याने झालेल्या मुलांत इन्सुलिन सुरू केल्यावर स्वादुपिंडाला थोडी विश्रांती मिळते आणि काही महिने ते पुन्हा जरा काम करू लागतं. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. साखर फार चढलेली असतानाही बीटा पेशी थकून बसतात आणि साखर उतरली की सी-पेप्टाइड आपोआप सुधारतं. श्रेय मात्र पुडीवाला घेऊन जातो. अशा भरवशावर टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेततं. हे मी फायलींवरून सांगतेय, आणि त्या फायली अजून आठवतात.

आता बिलाकडे

बिलावर एका तपासणीच्या दोन ओळी का होतात? रिकाम्या पोटी एक नमुना, जेवणानंतर दुसरा. लॅबसाठी त्या दोन वेगळ्या तपासण्या, दोन वेगळे दर. कधी जोडीला 'इन्सुलिन फास्टिंग' आणि 'इन्सुलिन पीपी' याही असतात. चार ओळी, चार रकमा. दर लॅबप्रमाणे बदलतो, दुपटीचा फरकही मी पाहिलाय, आणि दाखल झालेल्या पेशंटला तीच तपासणी बाहेरच्यापेक्षा महाग पडू शकते. यात बेकायदा काही नाही, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

विमा कंपनी काय बघते? आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यात बाहेरच्या बाहेर केलेली तपासणी बसत नाही. दाखल व्हावं लागतं. दाखल झाल्यावरही विमा नियामकाने ठरवून दिलेलं एक कलम आड येतं. पॉलिसीत ते 'एक्सक्ल ०४' या क्रमांकाने छापलेलं असतं. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही. आणि सध्याच्या निदानाशी व उपचाराशी संबंध नसलेल्या तपासणीचा खर्चही मिळणार नाही. पोटदुखीच्या माणसाला सी-पेप्टाइड? संबंध काय? काप.

कापणारा माणूस दूर कुठल्यातरी कार्यालयात बसलेला असतो. त्याने पेशंटला पाहिलेलं नसतं. त्याच्यापुढे डिस्चार्ज समरी, निदानाचा कोड आणि बिल एवढंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीत टाइप १ चा कोड ई१० पासून सुरू होतो, टाइप २ चा ई११ पासून. क्लेम फॉर्ममध्ये इस्पितळाने हा कोड भरायचा असतो. घाईत टाइप २ चा कोड टाकला, समरीत 'टाइप २ मधुमेह, नेहमीच्या गोळ्या चालू' लिहिलं आणि बिलात सी-पेप्टाइड आलं, की वाचणाऱ्याला ती तपासणी उपटसुंभ वाटते. समरीत एक वाक्य असतं, 'स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेमुळे मधुमेह असल्याची शंका, म्हणून सी-पेप्टाइड केलं', तर हाच माणूस ती ओळ पास करतो. मी दोन्ही प्रकार डोळ्यांनी पाहिलेत.

रिपोर्टवरचे दोन शब्दही महाग पडतात: 'रेफर्ड बाय: सेल्फ'. लॅबमध्ये घाईने गेलो, चिठ्ठी घरी राहिली, काउंटरवरच्या मुलीने 'सेल्फ' टाकलं. दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतला आणि घरी गेल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतला त्याच आजाराचा खर्च बऱ्याच पॉलिसी देतात. ३० आणि ६० दिवस हे नेहमीचे आकडे. पण 'सेल्फ' म्हणजे डॉक्टरने सांगितलेलं नाही, म्हणून बाद. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा आणि रिपोर्टवर डॉक्टरचं नाव आलंय का, ते काउंटर सोडण्याआधी बघायचं.

आणखी एक, जे आम्ही काउंटरवाले सहसा सांगत नाही. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की कंपनी इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. या कापाकापीत तपासण्यांचा खर्च धरता येत नाही. औषधं आणि इम्प्लांटही नाहीत. नियामकाने २०२० साली तसा नियम केला. बिलात लॅबच्या रकमेवर अशी कात्री लागलेली दिसली तर बोलायचं.

अमेरिकेत तर आकड्यावरच दार उघडतं

तिथे प्रत्येक तपासणीला क्रमांक असतो, सी-पेप्टाइडचा ८४६८१. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेतून इन्सुलिन पंप हवा असेल तर सी-पेप्टाइडचा आकडा त्या लॅबच्या पट्टीच्या खालच्या टोकाच्या ११० टक्क्यांपर्यंतच असावा लागतो, आणि त्याच वेळची उपाशी पोटाची साखर २२५ च्या वर नको. किडनी अशक्त असेल तर २०० टक्क्यांपर्यंत सूट. सोडणं साठतात हे त्यांनाही मान्य. अँटिबॉडी सापडल्या तर वेगळी वाट आहे.

गंमत बघा. तुमचा आकडा १.०. लॅबची पट्टी ०.८ पासून सुरू होत असेल तर मर्यादा ०.८८, तुम्ही बाहेर. शेजारच्या लॅबची १.१ पासून सुरू होत असेल तर मर्यादा १.२१, तुम्ही आत. माणूस तोच, हजारो डॉलरचा पंप मिळणार की नाही ते छापील पट्टीवर. आपल्याकडे असा नियम नाही म्हणून हायसं वाटतं खरं, पण पट्टीकडे न बघता नुसता आकडा वाचणारे आपणही कमी नाही.

कार्ड आणि कर

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाख. पण ती इस्पितळातल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. लॅबमध्ये रक्त देऊन कार्ड पुढे केलं, असं तिथे होत नाही. आधी बांबोळीचं गोमेकॉ, म्हापशाचं आझिलो किंवा मडगावचं हॉस्पिसियो (नावं बदलली तरी लोक हेच म्हणतात) इथल्या ओपीडीत विचारून बघावं, मग खासगीत जावं. जुन्या कररचनेत विवरण भरत असाल तर प्रतिबंधक तपासण्यांचे पाच हजारांपर्यंतचे पैसे आरोग्य खर्चाच्या वजावटीत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डी) दाखवता येतात, रोखीने दिलेले असले तरी.

डॉक्टरला उलट विचारायचं कसं?

आपल्याकडे हे जड जातं, मान्य. डॉक्टर वयाने मोठे, गावात मान असलेले. मी लोकांना एकच वाक्य शिकवायचे: "डॉक्टर, यात कमी आलं तर काय बदलणार आणि जास्त आलं तर काय?" यात उद्धटपणा नाही आणि चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. त्याने दोन उत्तरं दिली तर तपासणी करायची आणि म्हणायचं, "हेच चिठ्ठीवर एका ओळीत लिहाल का, विम्याला लागतं." दोन्ही बाजूंनी उत्तर एकच आलं, तर पैसे वाचले.

विमा कंपनीने तरीही कापलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही; नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं एवढंच.

वाळपईच्या काकांचे छत्तीसशे

त्यांची फाइल मी पुन्हा काढली. समरीत पहिल्या ओळीत 'पोटदुखी', तिसऱ्या ओळीत 'स्वादुपिंडाची जुनी सूज' आणि अगदी खाली 'मधुमेह'. तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध फक्त डॉक्टरांच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. मी जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. पत्र पाठवलं, पाच आठवड्यांनी अठराशे रुपये काकांच्या खात्यात आले.

आज तीच फाइल माझ्यापुढे आली तर मी वेगळं सुचवेन. दाखल झाले तेव्हा काकांची साखर ३८० होती. इतक्या साखरेत बीटा पेशी थकलेल्या असतात, आकडा खरा असेलच असं नाही. साखर स्थिरावल्यावर महिन्याभराने तपासणी केली असती तर आकडा जास्त विश्वासाचा आला असता, आणि डिस्चार्ज समरीत तसं लिहिलं असतं तर ६० दिवसांच्या हिशेबात पैसेही मिळाले असते.

दुसरे अठराशे आले नाहीत. जेवणानंतरचा नमुना कशासाठी घेतला, हे कंपनीने विचारलं, मी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी लॅबला विचारलं. लॅबने सांगितलं की फॉर्मवर दोन्ही चौकोनांत आधीपासूनच खूण छापलेली असते.